आळशी माणसाची बाग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या माझ्या अंगणातल्या प्रेअरी, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळरानातल्या, रोपांवरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘ही आळशी माणसाची बाग. ना खत, ना पाणी, वर मिरवणं. बिया शेजाऱ्याच्या लॉनमध्ये उडतात त्याचं काय? फोटोंची नावंही चुकलीत.’

फोटोचं खरं आहे. लिटल ब्लूस्टेम या गवताच्या फोटोखाली बिग ब्लूस्टेम या दुसऱ्या गवताचं नाव पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘आळशी’? मतं वेगळी असू देत की. पाहुण्यानं चहाचा कप हातात धरून यजमानाला आळशी म्हणावं, ही कुठली रीत? माझं माहेर माण तालुक्यातलं. शाळेला सुट्टी लागली की आजीबरोबर बाजरी भांगलायला जायचे, तळहाताला फोड येईपर्यंत. कष्ट काय असतात ते मला आपण सांगू नये.

खत घालत नाही ते कळतं म्हणून. युरिया जास्त झाला की ज्वारी लोळते ना? ही उंच गवतंही तशीच आडवी होतात. पाणी पहिला उन्हाळाभर घातलं, पाइप धरून. पुढे गरजच नाही. कंपास प्लांट या प्रेअरीतल्या रोपाचं मूळ १५ फुटांपर्यंत खाली जातं, त्याला माझ्या पाइपाचं काय कौतुक?

आणि त्याआधीचं? दिवसभर उन्हात तापणारा दक्षिणेकडचा तुकडा निवडला. लॉन मारायला पुठ्ठे अंथरले. डिसेंबरात बर्फावर बी फेकलं, कारण थंडी आणि ओल खाल्ल्याशिवाय मिल्कवीड हे इथलं रानफूल रुजायला मागत नाही. वर्षभरानं दिसलं काय, तर बोटभर रोपं आणि त्यांच्या चौपट कॅनडा थिसल हे काटेरी तण. त्याचं मूळ अर्धवट तुटलं की पुन्हा फुटतं, म्हणून गुडघ्यांवर बसून जुन्या स्क्रूड्रायव्हरनं एकेक उकरलं. खुरपं इथे कुठून आणू? आपण तेव्हा बहुधा लॉनवर खुर्ची टाकून बसला असाल.

१८२० च्या सुमारास इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज त्यातली धड उरलेली हजार एकरांमागे एक एकरही नाही. हे लेखात होतं, पण फोटो तपासण्याच्या नादात राहून गेलं असावं.

बाकी मुद्द्यांत काही दम नाही. शेजाऱ्याचं म्हणाल, तर त्यानं एकदाच तक्रार केलीय, तीही फक्त मिल्कवीडची. आमचं आम्ही बघून घेऊ.