पेनड्राइव्हवरची संजीवनी: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

‘जुना संगणक सुरू होत नसेल तर दुकानात नेऊ नका. कोणत्याही पेनड्राइव्हवर रेस्क्यू डिस्क तयार करा आणि तिच्यावरून संगणक सुरू करा. हार्ड डिस्क दुरुस्त होते, पुसलेले सगळे परत मिळते, पासवर्ड निघतो आणि धोका शून्य,’ अशा आशयाचा संदेश बरेच दिवस गटागटांतून फिरतो आहे. रेस्क्यू डिस्क म्हणजे संगणकातल्या विंडोजऐवजी पेनड्राइव्ह किंवा सीडीवरून सुरू होणारी, दुरुस्तीचे प्रोग्राम असलेली छोटी व्यवस्था. मी स्वतः अशा डिस्क नेहमी वापरतो, त्यामुळे त्यांचा उपयोग मला मान्यच आहे. मात्र या संदेशातला जवळजवळ प्रत्येक दावा अर्ध्यावर सोडलेला आहे.

सुरुवात ‘कोणत्याही’ या शब्दापासून करू. 2005च्या आसपासचे पुष्कळ मदरबोर्ड पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. तिथे सीडी लागते, सीडीवर 700 एमबी मावतात आणि सिस्टमरेस्क्यू या प्रचलित रेस्क्यू डिस्कची आजची आयएसओ फाइल (जिच्यावरून डिस्क तयार करतात ती) त्याहून मोठी आहे. शिवाय नव्या रेस्क्यू डिस्क बहुधा 64 बिटच्या प्रोसेसरसाठीच असल्यामुळे सुरुवातीच्या पेंटियम 4वर किंवा अ‍ॅटम एन270च्या छोट्या लॅपटॉपवर त्या चालत नाहीत. अशा यंत्रासाठी जुनी, 32 बिटची आवृत्तीच शोधावी लागते.

‘हार्ड डिस्क दुरुस्त होते’ हा दावा सर्वांत घातक आहे. विंडोजमधल्या चेकडिस्कसारखा प्रोग्राम फाइलींची नोंदवही जुळवून देतो. डिस्कमधले माहिती वाचणारे झिजलेले हेड किंवा ओरखडलेली तबकडी त्याला बरी करता येत नाही. उलट, शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर तो तासन्‌तास फिरवला की जे काही वाचता आले असते तेही हातचे जाते. म्हणून रेस्क्यू डिस्कवरून संगणक सुरू झाल्यावर आधी डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद, पाहावी. तिच्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडलेले भाग) या ओळीचा आकडा शून्याच्या वर असेल आणि दर वेळी वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने नक्कल घ्यावी. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातो आणि मग त्या जागांकडे परत येऊन त्या थोड्या थोड्या कुरतडतो. कुठवर काय वाचले, याची नोंद तो एका मॅपफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे नेता येते. मात्र ती फाइल तिसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर ठेवायला हवी. रेस्क्यू डिस्कची व्यवस्था रॅममध्ये चालते; वीज गेली की तिच्यात ठेवलेले सगळे गेले. हे मी एकदा सात तासांची नक्कल गमावून शिकलो. चेकडिस्क चालवायचीच असेल तर ती या नकलेवर चालवावी.

पुसलेल्या फाइलींबद्दलचे विधान चकती फिरणाऱ्या डिस्कपुरते आणि जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंतच खरे आहे. तिथे रेस्क्यू डिस्कचा मोठा फायदा होतो, कारण विंडोज बंद असल्याने त्या डिस्कवर नवे काही लिहिले जात नाही. पण फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने परत आणलेल्या फाइलींना मूळ नावे आणि फोल्डर बहुधा नसतात. दहा वर्षांचे फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी समोर येतात आणि निवडत बसावे लागते. जुन्या संगणकाला वेग यावा म्हणून एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवली असेल तर आशा आणखी कमी. विंडोज 7पासून, म्हणजे 2009पासून, फाइल पुसली की ट्रिम आज्ञेने तो भाग मोकळा झाल्याचे एसएसडीला कळवले जाते, आणि त्यानंतर तिथे सहसा काही उरत नाही.

पासवर्डचे थोडक्यात सांगतो. विंडोज 7मधल्या स्थानिक खात्याचा पासवर्ड खरोखरच कोरा करता येतो. पण विंडोजच्या ईएफएस या फाइली सांकेतिक करणाऱ्या सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइली त्यानंतर उघडत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल तर 48 अंकी रिकव्हरी कीशिवाय रेस्क्यू डिस्कचा काहीच उपयोग नाही.

राहिला ‘धोका शून्य’. डीडीरेस्क्यूच्या आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि मग नक्कल, असा क्रम असतो. एसडीए आणि एसडीबी या रेस्क्यू डिस्कने डिस्कांना दिलेल्या नावांची अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. नावांवर न जाता क्षमता आणि अनुक्रमांक पाहूनच आज्ञा द्यावी.

शिवाय हा संदेश जिथे रेस्क्यू डिस्क सुचवतो, तिथे बिघाड डिस्कमध्ये असेलच असे नाही. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की तारीख मागे जाते आणि बायोसमधल्या (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधल्या) जुळण्या मूळपदावर येतात. त्यात साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, एएचसीआय पद्धत बदलून जुनी आयडीई झाली, तर धडधाकट विंडोजही सुरू होताना निळा पडदा दाखवते आणि त्यावर शेवटी 7बी असलेला आकडा येतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलून बायोसमध्ये पुन्हा एएचसीआय निवडले की संगणक पूर्ववत सुरू होतो.