मोठा ग, लहान म

माझ्या पुतणीनं बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. प्रात्यक्षिकाला माणसं कमी पडली की ती घरातली धरते. गेल्या रविवारी मिसळीचा तवंग अजून ओठांवर होता, तोवर तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

"काका, एक मोठं अक्षर येणार. ते बारक्या बारक्या अक्षरांनी बनलेलं असणार. मोठं कुठलं ते सांगायचं. ग असला तर हे बटण, म असला तर ते. मी 'सुरू' म्हटलो की लागा."

(आमच्याकडं मुली 'म्हटलो', 'आलो', 'गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

पडद्यावर काहीतरी चमकलं आणि गेलं.

"काय दिसलं?"

"म."

"मोठं विचारालोय मी."

"मोठं काही नव्हतंच. नुसते म होते. तिसऱ्याची शिरोरेषा शेजारच्याला चिकटलीय, तेवढं बघून घे."

पोरीनं डोक्याला हात लावला. बाकीच्यांनी म्हणे एका सेकंदाच्या आत ग ओळखला होता. उलट बारकं अक्षर विचारलं की त्यांची गाडी अडखळते, कारण मोठा ग मधेच तोंड घालतो. बारके म मात्र मोठ्या गच्या वाटेत येत नाहीत. इस्रायलच्या डेव्हिड नेव्हन यांनी 1977 साली हे मांडलं. माणसाला आधी रान दिसतं, झाडं मागनं. मी झाडावरच्या मुंग्या मोजत होतो.

याला माझा धंदा कारण आहे. 26 वर्षं मुद्रितशोधन करतोय. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, सभेच्या नोटिसा. दूध संघाच्या ताळेबंदात सुटलेला अनुस्वार मला झोपेतही टोचतो. पण आम्हा लोकांची एक बोंब आहे, ती बाहेर कुणी सांगत नाही: चूक बारक्या टायपात असेल तर सुटत नाही, मथळ्यात असेल तर खुशाल निसटते. मथळा कोण वाचतो? तो बरोबरच असणार, असं धरून नजर खाली उतरते.

"नामिबियात हिंबा लोक आहेत," पुतणी म्हणाली. "त्यांचंपण लक्ष बारक्या आकारांकडं जास्त जातं, असं संशोधकांना आढळलंय."

"बघ. जगात एकटा नाही मी."

"तिकडं मिसळ मिळती का, ते विचारून घ्या आधी," आतनं बायको बोलली. आणि मग तिनं फ्लेक्सचा विषय काढलाच.

झालं होतं असं. आमच्या मंगळवार पेठेत गल्लीच्या तोंडाला एक भलामोठा फ्लेक्स लागला. वाढदिवसाचा. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. मी जाता-येता तीनदा खाली उभा राहिलो आणि घरी येऊन सांगितलं, "'हार्दीक'चा दी दीर्घ घातलाय. चौतीस शुभेच्छुक आहेत, एकालाही कळू नये?" दोन दिवस हेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "वाढदिवस कुणाचाय ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. आमच्याच पोराचा होता. मधोमध, गॉगल लावून, माझ्यापेक्षा दुप्पट उंच उभा होता.

ही गोष्ट ऐकून पुतणीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "काकू, यात काकांची सगळी चूक नाही. 1979 साली दोघांनी अक्षरांचे आकार बदलून बघितलं. आकृती डोळ्यापुढं सात-आठ अंशांपलीकडं पसरली की उलटं होतं. बारकं आधी दिसतं, मोठं मागनं."

"अंश म्हणजे?"

"हात ताठ करून मूठ धरायची. ती साधारण दहा अंश."

मी लगेच मूठ धरली. इतका भक्कम शास्त्रीय आधार मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होता. "फ्लेक्सच्या खाली उभं राहिल्यावर अशा किती मुठी झाल्या असतील? माझा दोषच नाही!"

"मग पलीकडच्या फुटपाथवरनं बघायचं," बायको म्हणाली. तिनं पण मूठ धरून बघितली. तिची मूठ माझ्याकडं जरा जास्तच रोखलेली होती.

माझा निकाल पुतणीनं वेगळा काढून ठेवला. सरांना विचारून बघते म्हणाली. म्हणजे टाकूनच देणार. पण तिची प्रात्यक्षिकाची वही तपासायचं काम मी मागून घेतलं. अब्रूचा प्रश्न होता. रात्री दीडपर्यंत बसलो. 'प्रयुक्त' सतरा ठिकाणी 'प्रयूक्त' होता, सगळे धरले. तक्त्यातला एक स्वल्पविराम दशांशचिन्हाच्या जागी जाऊन बसला होता, त्यालाही उठवला. दुसऱ्या दिवशी पुतणी राजारामपुरीतनं छापून, स्पायरल मारून वही घेऊन आली. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा चाळली. एक चूक नाही! अभिमानानं ती टेबलावर उभी करून ठेवली.

बायको पोळ्या लाटत होती. चष्मा फ्रिजवर, हात पिठात. तिनं तिथूनच वर बघितलं.

"काय गं," ती पुतणीला म्हणाली, "मानसशात्र म्हणजे काय?"