निधी आला, भूलतज्ज्ञ कधी येणार?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयाला निधी मंजूर झाला की चौकात फ्लेक्स लागतो. भूलतज्ज्ञाचं पद भरलं म्हणून लागलेला फ्लेक्स मात्र मी अजून पाहिलेला नाही.

पैसे कमी आहेतच. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्याला द्यावी, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. महाराष्ट्र त्याच्या आसपासही फिरकला नाही. पण जे येतात ते जातात कुठं? जिल्हा नियोजनच्या पैशातून इमारत होते, यंत्रं येतात. यंत्र चालवणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही, त्याची भरती वरून होणार. मग ३० खाटांच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर चकाचक, आणि सिझरची वेळ आली की "मिरजेला हलवा". जतहून मिरज ८० किलोमीटरच्या आसपास. पूर्वेकडची माणसं त्यापेक्षा सरळ विजापूर गाठतात, म्हणजे बाळंतपणाला परराज्यात! जन आरोग्य योजनेचं उपचार-विम्याचं कवच ५ लाखांचं करायचं २०२३ मध्ये ठरलं, चांगलंच झालं. पण कळा सुरू झालेल्या बाईला कार्ड भूल देत नाही.

आणि देखरेख? आपल्याकडं देखरेख म्हणजे पुढाऱ्याची अचानक भेट, सोबत कॅमेरा. ड्युटीवरच्या एकुलत्या एक डॉक्टरला सगळ्यांदेखत झापायचं, व्हिडिओ फिरवायचा, आपण खाली "जबरदस्त साहेब" लिहायचं. जो हजर आहे त्यानंच शिव्या खायच्या. रिकाम्या खुर्च्यांना कोण झापणार? (बंधपत्राच्या, म्हणजे डॉक्टरकी शिकल्यावर सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेली पोरं वर्ष संपताच का पळतात, याचं थोडं उत्तर इथंही आहे.)

खरं तर रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवायला रुग्ण कल्याण समिती नावाची गोष्ट ग्रामीण आरोग्य अभियानापासून, म्हणजे २००५ पासून आहे. दुरुस्ती, पाणी, तातडीची औषधं असल्या खर्चाला तिच्या हातात थोडे पैसेही असतात. ती बसते कधी, तिच्यात कोण आहे, हे गावात विचारून बघा. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दरावरून अध्यक्षांना बोलू न देणारे आपण, रुग्णालयाचा जमाखर्च कधी मागितला नाही.

राज्यात काही जिल्ह्यांत २००७ पासून लोकाधारित देखरेख झाली. जनसुनवाईत बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारलं, औषध बाहेरून का आणायला लावता? म्हणजे हे जमतं.

माझी मागणी साधी आहे. रुग्णालयाच्या दारात फळा लावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, या तिमाहीत पैसे किती आले, कशावर गेले, समितीची पुढची बैठक कधी. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे ही माहिती न मागता द्यायची असते.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा... तुमच्याकडच्या समितीत कोण आहे माहीत असेल तर खाली लिहा. नावं जमली की पुढच्या बैठकीची तारीख आपणच मागू.