कार्ड आहे, पण पंपाचं काय?

‘आयुष्मान कार्ड काढा आणि दमा-सीओपीडीची चिंता सोडा, सगळा खर्च सरकारचा,’ असा मेसेज जोरात फिरतोय. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. मेसेजवर विसंबून कुणी पंपाचं (इनहेलरचं) रोजचं औषध बंद करू नये, म्हणून हे लिहितोय.

सगळा खर्च सरकार करत नाही. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. आयसीयूची वेळ आली तर हा आधार मोठा आहे, तो कुणी नाकारू नये. पण भरतीआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस सोडले, तर ओपीडी आणि महिन्याचा पंप त्यात बसत नाही. सीओपीडीत औषध चुकलं की धाप अचानक बळावण्याची, म्हणजे ॲटॅकची शक्यता वाढते, आणि ॲटॅकगणिक फुप्फुसं आणखी खचतात. ज्या खर्चाने भरती टळते, नेमका तोच कार्डाबाहेर!

‘औषधं सरकारी दवाखान्यात मिळतातच,’ असंही सांगितलं जातं. सालब्युटामॉल (श्वासनलिका मोकळी करणारं) आणि ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं) या औषधांचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, हे खरं. गावच्या आरोग्य केंद्रात मात्र कित्येकदा गोळ्यांवरच भागवलं जातं. सालब्युटामॉलची एक नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे अशा एका गोळीत ४० पफइतकं औषध, तेही रक्तातून अंगभर फिरणारं. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. आणि पंप मिळाला तरी तो वापरून दाखवणारं माणूस लागतं. दाबणं आणि श्वास घेणं जुळलं नाही तर औषध घशातच चिकटतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा, सावकाश आत ओढायचं, दहा सेकंद रोखायचं. शिकवायला पाच मिनिटं पुरतात, पण गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत.

‘पंपाची सवय लागते’ यात तथ्य नाही. आजार जुनाट आहे, म्हणून औषध रोज लागतं.

‘सीओपीडी हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार,’ असंही म्हणतात. पण पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटिश फुप्फुसतज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं; त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण होतं. तरीही जन्मभर चूल फुंकलेल्या बाईला ‘वयामुळे धाप लागते’ असं सांगून घरी पाठवतात, कारण स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायचं यंत्र, जवळपास नसतो.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये धाप लागते का, स्वयंपाकाला इंधन कोणतं, हे प्रश्न आहेतच. उत्तर ‘हो, चुलीवर’ आलं, की तालुक्याला स्पायरोमेट्री (त्याच यंत्रावरची तपासणी) आणि आरोग्य केंद्रात दरमहा पंप मिळालाच पाहिजे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ही मागणी आपल्या आमदारांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लावून धरावी.