"मावशी, सीसीमध्ये काय टाकू?"

जूनमध्ये भाचीचा बी.कॉम.चा फॉर्म भरायला तिच्याबरोबर नेट कॅफेत गेले होते. मागे आठ-दहा पोरं रांगेत, कॅफेवाला घाईला आलेला. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरलेलं होतं. पुढे ओपन इलेक्टिव्ह आलं, मग सीसी. भाचीने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, सीसीमध्ये काय टाकू?" मी तोंड उघडायच्या आत कॅफेवालाच म्हणाला, "योगा टाका मॅडम, सगळे तेच टाकतायत. फक्त फाईल असते."

हे "फक्त फाईल असते" माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे. पण ज्यांच्या घरात यंदा किंवा पुढच्या वर्षी कुणी एफवायला आहे, त्यांनी वेळ काढून वाचावी अशी मनापासून विनंती.

ज्यांचं कॉलेज होऊन बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांना २०२४-२५ला लागू झालं. पहिल्या सत्राला २२ क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे विषयाला दिलेल्या तासांवरून धरलेलं त्याचं वजन. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं, म्हणजे कॉमर्सच्या मुलीला आर्ट्स किंवा सायन्सकडचा विषय. सीसी म्हणजे सहअभ्यासक्रम. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, गाणं, चित्रकला यांतलं जे कॉलेजात असेल ते एक घ्यायचं, २ क्रेडिटचं. हे २ क्रेडिट अकाउंटन्सीच्या २ क्रेडिटइतकेच मोजतात आणि त्याच खात्यात जमा होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की एफवायच्या मुलीने सीसीला मैदान घ्यावं, ओपन इलेक्टिव्हला घेता येत असेल तर शरीराबद्दल शिकवणारा विज्ञानाचा विषय घ्यावा, आणि दोन्ही एकाच सत्रात घ्यावेत. वेगवेगळे घेतले तर दोन विषय राहतात. एकत्र घेतले की काय होतं ते या वर्षी मी घरात बघितलं.

आधी माझं सांगते. मी एफवायला होते तेव्हा आमच्याकडे पीटी सक्तीची होती. वर्षाच्या शेवटी मैदानावर चाचणी व्हायची, धावणं, उड्या, गोळाफेक. आम्ही सहा-सात मैत्रिणींनी ओळखीच्या डॉक्टरांकडून "अशक्तपणा" असं लिहिलेला दाखला आणला आणि चाचणी चुकवली. कॉलेजनेही तो घेऊन टाकला, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आज वाटतं, त्या दाखल्यातला शब्द कदाचित खरा होता. मला जिना चढताना धाप लागायची, पाळीच्या दिवसांत डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकोणीस वर्षांच्या मुलीला अशक्तपणा आहे असं डॉक्टर लिहून देतात, कॉलेज शिक्का मारतं, आणि तो का आहे हे कुणी तपासत नाही. माझं हिमोग्लोबिन पहिल्यांदा मोजलं गेलं ते लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी. तेव्हा रिपोर्टवरचा आकडा चांगला की वाईट हेसुद्धा मला कळलं नव्हतं. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलंच नव्हतं.

म्हणून कॅफेत मी भाचीला म्हणाले, "सीसीला स्पोर्ट्स टाक." ती नाराज झाली. तिला कधी मैदानाची आवड नव्हती आणि पळताना आपल्यालाच दम लागतो म्हणून लाज वाटायची. तरी तिने टाकलं. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत प्राणिशास्त्र विभागाचा आहार आणि आरोग्याचा विषय होता. तो बघून ती आणखी घाबरली. दहावीला विज्ञानात मार्क कमी, त्याच धास्तीने कॉमर्सला आलेली मुलगी ती. मी म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेव आणि घे.

आता मैदानावरची गोष्ट. दुसऱ्याच आठवड्यात पीटीच्या सरांनी सगळ्यांना नाडी मोजायला शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं, तर्जनी आणि मधलं. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. बसल्या जागी भाचीची नाडी मिनिटाला ९२ आली. मग सरांनी सगळ्यांना ४०० मीटरची एक फेरी हळू पळायला लावली. ती अर्ध्यातच चालायला लागली. फेरी संपल्यावर पंधरा सेकंदांत ठोके आले ४६. म्हणजे १८४. अठरा वर्षांच्या मुलीची वरची मर्यादा ढोबळ हिशेबाने २२० वजा वय, म्हणजे २०२. हळू पळून, मध्ये चालून १८४ येणं सरांना पटलं नाही. ते रागावले नाहीत, आळशी म्हणाले नाहीत. बाजूला बोलावून एवढंच म्हणाले, "बाळा, घरी सांग आणि एकदा रक्त तपासून घे."

हिमोग्लोबिन निघालं ९.४. त्या वयाच्या मुलीला १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

गंमत अशी की त्याच आठवड्यात आहाराच्या तासाला मॅडम लोहावर आल्या होत्या. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, त्यात लोह लागतं, ते कमी पडलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. भाचीने मला रात्री फोन केला. "मावशी, माझी नाडी १८४ का आली ते मला कळलं." तिचा तो आवाज मी विसरणार नाही. दहावीला विज्ञानात जेमतेम निघालेली मुलगी आपल्याच शरीराचा कार्यकारणभाव मला समजावून सांगत होती. बारावीपर्यंत जे कुणाला जमलं नाही ते एका फेरीने आणि एका तासाने केलं.

पुढचं तिने स्वतः केलं. आमच्या बहिणीकडे सकाळी भाकरी चहाबरोबर खायची पिढीजात सवय. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, असं तिच्या वहीत लिहिलेलं. वही आईपुढे ठेवली आणि चहा जेवणापासून तासभर लांब नेला. मेथीच्या, राजगिऱ्याच्या भाजीवर लिंबू पिळायला लागली, कारण क जीवनसत्त्व असलं की भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. कोरेगावकडचं गाव, घरचा वाघ्या घेवडा पोत्याने. तो पूर्वी पाहुणे आले की शिजायचा, आता आठवड्यातून तीनदा शिजतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घेतल्या, पोटात मळमळायचं तरी सोडल्या नाहीत. तीन महिन्यांनी आकडा ११.८. तिच्या आईचंही तपासलं, तर ते ८.९. पंचेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यभर "मला जरा थकवा असतो" म्हणत राबलेली.

हे एका घरापुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे एफवायच्या वर्गात साठ मुली बसल्या असतील तर तीसच्या वर मुलींची ही शक्यता आहे. त्यातल्या बहुतेकींना आपण आळशी आहोत असं वाटतं. आणि त्यांना आपण योगाची फाईल सजवायला सांगतो.

योगाविरुद्ध माझं काहीही नाही. उलट त्याच्याबद्दल वाईट वाटतं म्हणून बोलते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली ते आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून बघितलं. बडोद्याला व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला माणूस, अंगात व्यायाम मुरलेला, आणि हातात मोजमापाची साधनं. शारीरिक शिक्षण आणि विज्ञान यांची जोडी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी लागलेली आहे. त्याच योगाची आज इंटरनेटवरून आसनांची चित्रं छापून चिकटवलेली वही होते आणि ती तपासून पूर्ण मार्क दिले जातात, हे मला सहन होत नाही. योग घ्यायचा तर जरूर घ्या, पण पहाटे चटई टाकून घ्या.

हिशेब बघा. प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचे ६०. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार तास, म्हणजे २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे हे २ क्रेडिट प्रामाणिकपणे राबवले तर मुलांना लागतो तेवढा व्यायाम कॉलेजच्या वेळापत्रकात आपोआप बसतो, त्याचे मार्कही मिळतात. आयुष्यात पुन्हा कधी कुणी आपल्याला व्यायामाचे मार्क देणार आहे का?

सायन्सच्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांना ओपन इलेक्टिव्ह सायन्सचं घेता येत नाही, त्यामुळे माझ्या जोडीतला अर्धा भाग त्यांच्या मेजरमध्येच आहे. पण मैदान त्यांना सगळ्यात जास्त लागतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, रूमवरचा डबा यात गेलेली असतात. शेजारचा एक मुलगा नीटची तयारी करून शेवटी बी.एस्सी.ला आला. पाठीला बाक, चष्म्याचा नंबर वाढलेला. तो म्हणाला, "काकू, प्रॅक्टिकल पाचपर्यंत असतं, स्पोर्ट्स घेऊन करू काय?" त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

कारण खरी अडचण निवडीच्या आधीची आहे. भाचीच्या कॉलेजात स्पोर्ट्सची बॅच सकाळी सातची. तिच्या गावातून पहिली एसटी येते ती सव्वाआठला कॉलेजात पोचवते. पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे राहिली म्हणून जमलं. बाकीच्या गावाकडच्या मुलींनी मुकाट योगा टाकला होता. मुलींना कपडे बदलायला एकच खोली, तिला कडी नव्हती. पाळीच्या दिवशी काय करायचं हे सरांना विचारायचं कसं, म्हणून दोन मुली यायच्याच बंद झाल्या. शेवटी भाची आणि आणखी चारजणी मिळून प्राचार्यांना भेटल्या. दुसरी बॅच अकराची झाली, कडी लागली, आणि आहाराच्या मॅडमनी स्वतः मैदानावर येऊन पाळी आणि व्यायाम यावर मुलींशी अर्धा तास बोलणं केलं. झेपेल तेवढा हलका व्यायाम चालतो, हे त्या वयात एका बाईच्या तोंडून ऐकायला मिळणं मोठी गोष्ट आहे. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागले नाहीत.

आपल्या सातारा जिल्ह्याला मैदानाचं महत्त्व मी सांगायची गरज नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडादिन आहे. दुष्काळी माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. आदिती स्वामी २०२३ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्यांचे फ्लेक्स आपण अभिमानाने लावतो, लावायलाच हवेत. पण फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या साध्या मुलीला, जिला पदक आणायचं नाही, फक्त एक फेरी न थांबता पळायची आहे, तिलाही ते मैदान मिळायला हवं. कॉलेजचं मैदान लग्नाच्या मांडवाला आणि गाड्या लावायला दिलं जातं तेव्हा पालक म्हणून आपण जाऊन बोलत नाही. यापुढे मी बोलणार आहे.

माझ्या मित्रयादीत प्राध्यापक मंडळी आहेत, त्यांनाही हात जोडून सांगते. कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांना विज्ञान शिकवताना व्याख्यांनी सुरुवात करू नका. त्यांच्या मनगटावरची नाडी, त्यांच्या डब्यातली भाजी, त्यांच्या आईचा रिपोर्ट, इथून सुरू करा. ती मुलं विज्ञानातून पळालेली नाहीत, कुठल्यातरी इयत्तेत त्यांना बाहेर काढलं गेलं आहे.

दुसऱ्या सत्राचा फॉर्म मागच्या आठवड्यात भरला. या वेळी मला बोलावलं नाही, तिने मोबाईलवरच भरला आणि स्क्रीनशॉट पाठवला. सीसीला खो-खो. बसून असतानाची नाडी आता ७८ आहे, तीही लिहून पाठवली होती.

पहिलं सत्र तिने साध्या कॅनव्हासच्या बुटांवर काढलं, टाचेला घट्टे पडलेत. रविवारी ती साताऱ्याला येतेय. मोती चौकात जाऊन पळायचे बूट घ्यायचेत, दोन जोड. दुसरा माझ्या मापाचा.