पंखा बंद करा की ओ

रविवारपासून माझी डावी पोटरी धरली आहे. विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात एकसष्टीचा कार्यक्रम होता, जुन्या गाण्यांचा. गाणारे स्वतः उत्सवमूर्ती, मी कीबोर्डवर. आमच्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, त्यामुळे निवेदिकेनं "आणि कॅसिओवर आहेत..." इथपर्यंत ओळख करून दिली आणि पुढचं नाव तिला सापडलं नाही. ते सोडा.

पोटरीचं सांगतो. कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज नुसता सरळ सोडला की मेणचट लागतो, त्याला गिरकी लागते. अमेरिकेत १९३५ मध्ये हॅमंड नावाचा विजेवरचा ऑर्गन बाजारात आला. डोनाल्ड लेस्ली नावाच्या गृहस्थानं तो मोठ्या जागेत ऐकला, खूश होऊन घरी आणला, आणि घरच्या खोलीत तो अगदीच बसल्यासारखा वाजला. दुसरा कुणी असता तर दुकानदाराशी भांडला असता. ह्यानं आवाजाचं तोंडच फिरवायचं ठरवलं. लाकडी कपाट, म्हणजे स्पीकरच, त्यात वर गरगर फिरणारा कर्णा आणि खाली फिरणारा ड्रम. १९४१ पासून तो ही कपाटं विकायला लागला. कर्ण्याला तोंडं दोन, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं फक्त तोल सांभाळायला. असा एकजण प्रत्येक ऑर्केस्ट्रात असतो. वेगही दोनच. हळू म्हणजे मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, जोरात म्हणजे चारशेच्या आसपास. खरी गंमत मात्र मधल्या दोन-चार सेकंदांत असते. कर्णा हलका, तो लगेच वेग घेतो किंवा सोडतो, आणि खालचा ड्रम मागून रेंगाळत येतो. त्या तेवढ्यासाठी माझ्यासारखी माणसं आयुष्य घालवतात.

माझ्याकडे अर्थातच कपाट नाही. कीबोर्डच्या आत त्याची नक्कल आहे आणि पायाखाली एक पेडल. दाबून धरलं की जोरात, सोडलं की हळू.

रविवारी तिसऱ्या गाण्याआधी लाइट गेली. मिनिटाभरात जनरेटर धडधडला, कीबोर्ड पुन्हा चालू झाला. माझ्या कीबोर्डची एक खोड आहे. चालू होताना पेडल ज्या अवस्थेत सापडेल, तीच 'सोडलेली' अवस्था असं तो धरून चालतो. आणि अंधारात मी त्यावर पाय ठेवून निवांत बसलो होतो. झालं, सगळं उलटं. पाय उचलला की चारशे, दाबला की चाळीस. बंद करून परत चालू केला असता तर सुटलं असतं, पण उत्सवमूर्तींनी डोळे मिटून भक्तिगीत सुरू केलं होतं आणि मी पाय उचलला होता. विठ्ठल माझ्या बाजूनं गरगरा फिरत होता.

तेवढ्यात साउंडवाले मामा मिक्सर सोडून, पाठीत वाकून स्टेजवर आले आणि माझ्या कानाशी लागले.

"सर, आवाज हलतोय की ओ तुमचा."

"इफेक्ट आहे मामा."

"मी कुठं इफेक्ट दिलाय?"

"तुम्ही नाही. ह्याच्यातच आहे. स्पीकर फिरल्यासारखा वाटतो."

मामांनी मान वळवून आपल्या दोन्ही स्पीकरांकडे पाहिलं. "आमचे स्पीकर जाग्यावर हाईत. कुठं फिरलालेत?"

"खरे नाही हो. नक्कल आहे."

"नक्कल कशाला वाजवता मग?"

ह्याला उत्तर नव्हतं. एका हातानं वाजवत मी म्हणालो, "अहो, लहानपणी फॅनसमोर तोंड नेऊन आऽऽ करायचो ना आपण, साधारण तसं."

चूक झाली. स्टेजवर एकच पेडस्टल फॅन होता आणि त्याचं तोंड माझ्याकडे होतं. मामांची नजर त्याच्यावर गेली आणि चेहरा असा उजळला, जणू वायरिंगमधला फॉल्ट सापडला.

"मग फॅनमुळंच होतंय ते!"

"फॅनमुळे कसं होईल? मला माइकच नाही. वायर सरळ तुमच्या मिक्सरला जाते."

"वारा वायरला लागतो की."

आणि त्यांनी फॅन बंद केला.

नेमकं त्याच क्षणी उत्सवमूर्तींनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की घाबरून माझा पाय पेडलवर पडला. फॅनची पाती मंदावू लागली, तशी आवाजाची थरथरही मंदावू लागली. आधी वरचा आवाज शांत झाला, मग खर्ज रेंगाळत रेंगाळत खाली आला. पाती एकेक मोजता यायला लागली तेव्हा ऑर्गन अगदी शहाण्यासारखा, संथ डुलत होता. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही, मामांना.

"बसला बघा," मामा म्हणाले. "आता कशाला हात लावू नका."

तेव्हापासून सव्वा तास माझा पाय पेडलवर दाबलेला. एप्रिल महिना, बाहेर ४२, वर हॅलोजन, समोर थंड पडलेला फॅन. दोन गाण्यांच्या मध्ये स्विचकडे हात नेला की मामा मिक्सरमागून बोट हलवायचे. एकदा पोटरीत गोळा आला, पाय निसटला, आवाज थरथरला, तर मामा आपल्या पोऱ्यावर ओरडले, "फॅनला हात कुणी लावला बे?" पोरगं बिचारं सिद्धेश्वराची शपथ घेत होतं.

आमच्या आजोबांनी साखर पेठेत हातमागाच्या पावड्या जन्मभर दाबल्या. पण त्यातून निदान लुगडं तरी निघायचं. संगीत नाटकातले ऑर्गनवाले दोन्ही पायांनी भाता मारायचे, त्यांना कुणी 'हवा बंद करा' म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि मुद्दा फॅनचा नाहीच. गायकानं "इको वाढवा" म्हटलं की मामा न विचारता दोन हॉल भरतील एवढा इको देतात. गिटारवाल्याचा आवाज फाटला तर तो इफेक्ट, माझा हलला तर लूज कनेक्शन. पंधरा वर्षं वाजवतोय, एकानंही आजवर "तो मधे आवाज फिरवलात ते छान होतं" म्हटलेलं नाही. रविवारी पाकिटात ठरल्यापेक्षा पाचशे कमी निघाले, तेही घरी आल्यावर कळलं.

शेवटी सत्कार झाला. घामानं निथळणाऱ्या माझ्या खांद्यावर उत्सवमूर्तींनी सोलापुरी चादर घातली. डबल बेडची.

आज सकाळी दुसऱ्या एका मंडळाचा फोन आला. कार्यक्रम पक्का, साउंड मामांचंच. "आणि सर, काळजी करू नका," तो मुलगा म्हणाला, "मामांनी सांगितलंय, तुमच्या बाजूला फॅन लावायचा नाही."

१८ मे. दुपारी तीन. पत्र्याचा हॉल.