काखेत सोडा, गावाला वळसा

एप्रिलमधल्या एका रात्री साडेअकराला, झोप येत नाही म्हणून अंगठा फिरवत पडले होते, तेव्हा एक रील समोर आलं. त्यात अजिबात घाम न येणारी एक बाई हसत हसत सांगत होती की तुम्ही रोज काखेत अ‍ॅल्युमिनियम लावताय. मी उठले, बाथरूमचा दिवा लावला, चष्मा घालून रोलऑनच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि खरंच की हो, अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. म्हणजे पंधरा वर्षं मी काखेत कुकर घेऊन फिरत होते.

डिओ आणि अँटीपर्स्पिरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही मला त्याच रात्री कळलं. डिओ फक्त वासाचं बघतो, घाम येतो तसा येत राहतो. अँटीपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच मारून बसतात. आणि घामाला म्हणे स्वतःचा वासच नसतो, काखेत मुक्कामाला असलेले बॅक्टेरिया तो खातात आणि मग जे काय होतं ते होतं. (त्या रीलमधल्या कॅन्सरच्या भीतीचं म्हणाल तर असा संबंध ठामपणे दिसलेला नाही असं अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट सांगते, पण हे मी वाचलं जूनमध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.)

रेसिपी तर इतकी सोपी होती की लाज वाटली, आपण इतकी वर्षं विकत का आणतोय. तीन चमचे खोबरेल, दोन चमचे आरारूट, दोन चमचे खायचा सोडा आणि टी ट्री ऑइलचे दहा थेंब. पहिली पायरी, खोबरेल मंद आचेवर वितळवून घ्या. आता खोबरेल गोठतं २४ डिग्रीच्या खाली. डोंबिवलीत आमच्या बाटलीतलं तेल फेब्रुवारीपासून पाण्यासारखं डुचमळत होतं, त्याला आणखी काय वितळवू? तरी मी इमानदारीत पातेल्यात पाणी उकळून त्यावर वाटी ठेवली, कारण रेसिपीत लिहिलंय ना.

सासूबाई मागे उभ्या होत्या.

"नानखटाई का गं?"

"नाही आई, डिओ आहे."

"आरारूट तर मागच्या वेळी तुझ्या लेकाचं पोट बिघडलं तेव्हा आणलेलं."

"हो, तेच घातलंय."

त्या काही बोलल्या नाहीत. पण गॅस बारीक करून गेल्या.

सकाळी बघितलं तर वाटीत वर नुसतं तेल आणि खाली पांढरा गाळ, आमच्या नळाला पावसाळ्यात येतो तसा. सोडा तेलात विरघळत नाही, हे शाळेत कुठेतरी शिकवलं असणार. मग ढवळून सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. ही माझी घोडचूक होती पण ती कळायला अजून तीन आठवडे होते.

फ्रिजमध्ये त्याचा दगड झाला. सकाळी सव्वासहाला, एका डोळ्याने पोळ्या आणि दुसऱ्याने घड्याळ बघत, मी चमच्याने तो दगड खरवडायचे. मग तो बर्फासारखा गार तुकडा काखेत, मग एक किंकाळी, मग नवरा बाहेरून "काय झालं?" आणि मी "काही नाही, नॅचरल आहे!" तुकडा अर्ध्या मिनिटात वितळायचा आणि ओघळ कोपरापर्यंत. पहिल्याच आठवड्यात दोन कुर्त्यांना काखेत भारताच्या नकाशाएवढे डाग पडले, त्यातला एक तर भाऊबीजेचा होता.

आता लोकलचं सांगते, कारण परीक्षा तिथेच होती. सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात दोनच प्रकारच्या बायका असतात, बसलेल्या आणि हात वर केलेल्या. मी कायम दुसऱ्या. आणि वर कडी धरली की आपली काख बरोब्बर चौथ्या सीटवर अर्धी लटकलेल्या बाईच्या नाकाशी येते, रेल्वेने मोजून बसवल्यासारखी. तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या पुढे त्या चौथ्या सीटवालीने मान वर केली, एकदा हुंगलं आणि शेजारणीला म्हणाली, "कोणाच्या डब्यात करंज्या आहेत गं?" घाटकोपर येईपर्यंत अख्खा डबा करंज्या शोधत होता. मीही शोधल्या. काय करणार?

पण खरं सांगू का, वास येत नव्हता. म्हणजे तो वास येत नव्हता. संध्याकाळी सातला घरी आल्यावरसुद्धा मी काखेत नाक घालून बघितलं (एवढं करायला मानेला बरेच कष्ट पडतात, वय झालं की कळतं) आणि फक्त खोबरं. मी इतकी खूश झाले की ऑफिसमधल्या तिघींना रेसिपी पाठवून मोकळी झाले.

नवव्या दिवशी आग सुरू झाली.

आधी वाटलं घामोळं असेल. मग लाल झालं, मग काळपट, मग कातडी सोलवटायला लागली आणि मी दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरून चालायला लागले, आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानासारखी. सोसायटीच्या वॉचमनने दोनदा सलाम ठोकला. स्किनच्या डॉक्टरकडे गेले तर त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "सोडा?" मी गप्प. त्यांनी समजावून सांगितलं की कातडीचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो आणि सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर, तर रोज सोडा चोळला की कातडीचं वरचं संरक्षण जातं. त्यात आदल्या रात्री वॅक्सिंग. "सोडा भज्यांत घाला," असं म्हणून त्यांनी मलम लिहून दिलं. फी आठशे, मलम दोनशे दहा. ऑफिसमधल्या तिघींना मी त्या रात्री "थांबा" असा मेसेज केला. दोघींनी केलंच नव्हतं. तिसरीने नुसता हात वर केलेल्या बाईचा इमोजी पाठवला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

आता डबा फेकायचा ना? पण नाही. टी ट्री ऑइल तीनशे रुपयांचं होतं. राहू दे, काहीतरी उपयोग होईल म्हणून तो फ्रिजच्या आतल्या कोपऱ्यात सरकवला आणि विसरले.

आमच्या घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून सगळं असतं. कोथिंबीर, खोवलेला नारळ, अर्धं कापलेलं लिंबू आणि मुख्य म्हणजे साय. आठवड्याभराची साय साठवायची, विरजण लावायचं, लोणी काढायचं, तूप कढवायचं, हे सासूबाईंचं खातं, तिथे मी नाक खुपसत नाही. त्या शनिवारी पातेल्यात छान आंबट विरजलेली साय होती, घुसळायच्या आधी त्यांनी फ्रिज उघडला, कोपऱ्यात आणखी एक श्रीखंडाचा डबा, आत पांढरं, घट्ट, चिकट. ही साय राहिलीच की, असं म्हणत त्यांनी तो डबा गरम पाण्यात धरून सैल केला आणि पातेल्यात उपडा करून रवी फिरवली.

आंबट साय आणि खायचा सोडा.

मी बाहेर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात "अगंबाई, अगंबाई, अगंबाई" अशी चढत्या सुरात हाक आली. आत गेले तर पातेल्यावर फेसाचा गणपतीच्या मुकुटासारखा डोलारा, तो कडेवरून ओट्यावर, ओट्यावरून ट्रॉलीच्या फटीत, तिथून चमच्यांच्या कप्प्यात. सासूबाई हातात रवी घेऊन भिंतीला टेकलेल्या. आणि घरभर वास कसला, तर सर्दीच्या बामाचा.

"दूधवाल्याने काय घातलंय गं यात?"

मला खोटं बोलायची संधी होती. एक सेकंदभर मी तिचा विचारही केला. पण दूधवाला सज्जन माणूस आहे.

सगळं ऐकून त्या खुर्चीवर बसल्या. आठवड्याची साय गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून, आपण सुनेच्या काखेतलं औषध घुसळलं हे त्यांना पचेना. "देवाला लावते मी त्या तुपाचं निरांजन," एवढंच म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने उठल्या, सासऱ्यांच्या दाढीच्या सामानाचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला काचेसारखा एक खडा माझ्या हातावर ठेवला. तुरटी. एक कड झिजून गुळगुळीत झालेली. "ओली करायची आणि फिरवायची. ह्यांचे बनियन कधी वासले नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हंड्यातही हीच फिरवायचो."

मलम संपून कातडी पूर्ववत झाल्यावर मी भीत भीत लावून बघितली. आग नाही, ओघळ नाही, डाग नाही, करंज्या नाहीत. घाम येतो, पण वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. वाण्याकडे वीस रुपयांत एवढा मोठा खडा मिळतो की वर्षभर संपणार नाही. मी घरात सगळ्यांना ऐकवलं, बघा, याला म्हणतात नैसर्गिक, आपल्या जुन्या माणसांना सगळं माहीत होतं.

नववीतला मुलगा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तुरटी म्हणजे पोटॅश अ‍ॅलम ना?"

"असेल."

"पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट."

"काय?"

"अ‍ॅल्युमिनियम."

सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी त्याला कोथिंबीर आणायला खाली पाठवलं, सुट्टे पैसे नसताना.

सोमवारी लोकलमध्ये त्याच चौथ्या सीटवालीने पुन्हा मान वर केली, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "तू काय लावतेस गं? कसलाच वास नाही."

"नॅचरल आहे," मी म्हटलं आणि कुर्ला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.